घरातलं सलाईन

गावाकडचं मांजर आजार लपवण्यात तरबेज असतं आणि गावाकडचं घर त्याला त्यात साथ देतं. शहरातल्या फ्लॅटमध्ये मांजर वाळूच्या ट्रेमध्ये लघवी करतं. वाळूचे गोळे मोठे होऊ लागले, ट्रे रोज बदलावा लागू लागला, की काहीतरी बिनसल्याचं घरच्यांना कळतं. हिंगोली तालुक्यातल्या नरसी नामदेवसारख्या गावात मांजर परसात जातं, चुलीच्या राखेच्या ढिगात जातं, कयाधूकाठच्या भुसभुशीत मातीत जातं आणि वर माती ओढून परत येतं. मूत्रपिंडं थकल्याची पहिली खूण म्हणजे वारंवार होणारी, भरपूर आणि पाण्यासारखी फिकी लघवी. ती इथे कुणी पाहतच नाही. दिसते ती दुसरी खूण. आजवर पाण्याकडे फारसं न फिरकलेलं मांजर मोरीतल्या बादलीवर वाकून बराच वेळ लपलप पाणी पीत राहतं. मराठवाड्यात मार्चपासूनच ऊन तापतं, त्यामुळे ‘उन्हाचं पितंय’ म्हणत घर आपल्या कामाला लागतं.

मांजराने असं पाणी पिणं निसर्गतः त्याच्या स्वभावातच नाही. पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकेतलं आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. ते कोरड्या मुलखात वाढलं. उंदीर, पाखरं, सरडे यांच्या अंगातल्या ओलाव्यावर त्याचं भागायचं आणि त्याची मूत्रपिंडं पाण्याचा थेंब न थेंब वाचवून अतिशय दाट लघवी तयार करायची. हीच मूत्रपिंडं आपल्या घरातल्या मांजराच्या पोटात आहेत. माणसाच्या एका मूत्रपिंडात रक्त गाळणारे सूक्ष्म घटक सुमारे १० लाख असतात. मांजराच्या मूत्रपिंडात ते साधारण २ लाखांच्या आसपास असतात. एकदा गेलेला घटक पुन्हा उगवत नाही. उरलेले घटक जास्त काम ओढत राहतात, त्यामुळे दोनतृतीयांश निकामी होईपर्यंत बाहेर काहीच दिसत नाही. मग लघवी दाट करण्याची ताकद जाते आणि मांजर पाण्यामागे लागतं. मूत्रपिंडाचं काम जोखण्यासाठी तपासलं जाणारं रक्तातलं क्रिएटिनिन तर तीनचतुर्थांश काम बंद पडल्यावर ठळकपणे वाढतं. ‘परवापर्यंत उड्या मारत होतं, आणि आज डॉक्टर म्हणतात किडनी गेली’ असं घरोघरी ऐकू येतं, ते यामुळेच. दहा वर्षांपुढच्या मांजरांमध्ये तीस ते चाळीस टक्क्यांना हा आजार असतो, असं पशुवैद्यकात सर्वसाधारणपणे मानलं जातं. म्हाताऱ्या मांजरांचा हा सगळ्यांत नेहमीचा आजार आहे.

निदान ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो असा: हे अचानक झालं आहे की हळूहळू? दोन्हींना लोक ‘किडनी फेल’च म्हणतात, पण दोन्हींचा रस्ता अगदी वेगळा आहे. अचानक झालेल्या आघातात मूत्रपिंडं काही तासांत किंवा दिवसांत कोलमडतात. वेळेत उपचार मिळाले तर ती बऱ्याच अंशी सावरूही शकतात. इथे एकेक तास मोलाचा असतो. अस्सल लिलीचा पुष्पगुच्छ हे त्याचं ठळक उदाहरण. लग्नसमारंभात येणाऱ्या मोठ्या फुलांच्या लिलीचं पान, पाकळी, पराग, इतकंच काय, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत बंद पाडू शकतं. (पावसाळ्यात कुंडीत उमलणारी छोटी लिली वेगळ्या कुळातली आहे. तिच्यात हा दोष नाही, तरी तिचे कंद मांजराच्या तोंडी लागू देऊ नयेत.) बोक्याचा मूत्रमार्ग खड्याने किंवा चिकट गुठळीने तुंबला तरी हेच होतं. बोका पुन्हा पुन्हा बसतो, कण्हतो आणि लघवीचा थेंब येत नाही. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नसते.

आणखी एक कारण आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात असतं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी माणसांची वेदनाशामकं मांजराच्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तोडतात. एका औषधाने एका प्राण्याची मूत्रपिंडं कशी संपतात, याचा धडा भारताने गिधाडांच्या रूपाने फार महागात शिकला आहे. गुराढोरांना डायक्लोफिनॅक टोचलं जायचं, ती मेली की गिधाडं खायची आणि मूत्रपिंडं बंद पडून झाडाखाली पडायची. हे कारण २००४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातून जगापुढे आलं आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी आणली. तोवर गिधाडांच्या मुख्य जाती नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर पोचल्या होत्या. लंगडणाऱ्या मांजराला अर्धी गोळी चारण्याआधी हे आठवावं. ताप उतरावा म्हणून पॅरासिटामॉल देणं तर थेट जिवावर बेततं. ते पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळपास नाहीच, एका गोळीनेही मांजर दगावू शकतं.

कधी विष पाकिटातूनही येतं. मार्च २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत कुत्र्यामांजरांच्या खाद्याचे लक्षावधी डबे बाजारातून मागे घ्यावे लागले. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये प्रथिनांचं प्रमाण फुगवून दाखवण्यासाठी मेलामाइन मिसळलं होतं. मेलामाइन आणि सायन्युरिक अॅसिड यांचे स्फटिक मूत्रपिंडात साचून असंख्य घरांतली जनावरं मेली.

जुनाट आजाराची गोष्ट मात्र संथ चालते. तो बरा होत नाही, पण त्याचा वेग कमी करता येतो. या आजारात मांजराची जी सेवा करायची असते तिचा मोठा भाग घरातच होतो. म्हणूनच ती मुंबईत जशी होते तशी नरसीतही होऊ शकते, फक्त सुरुवात नीट तपासणीने व्हायला हवी. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचं छोट्या प्राण्यांसाठीचं रुग्णालय सुरू झालं, पण नरसीकरांना मुंबई लांबच. त्यांच्यासाठी जवळचा मोठा आधार परभणीचं पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालय हा आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, तरी अडल्या कामाला परभणी गाठायची सवय या भागात अजून आहे. तालुक्याच्या दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांचा दिवस बहुतांश गाई, म्हशी, शेळ्यांत जातो. पण रक्त काढणं, सलाईन लावणं, तपासणीसाठी कुठे जायचं हे सांगणं त्यांच्या हातात असतं. मांजर घेऊन गेलो तर हसतील, या संकोचाने बरीच मांजरं उशिरा दवाखान्यात पोचतात. हा संकोच टाकायलाच हवा.

रक्त बऱ्याचदा माणसांच्याच लॅबमध्ये जातं. क्रिएटिनिन मोजायला ते यंत्र चालतं, पण कागदावर छापलेल्या मर्यादा माणसांच्या असतात. माणसासाठी १.५ हा आकडा जास्त ठरतो, मांजरासाठी तो ठीक असू शकतो. आंतरराष्ट्रीय पातळीवर वापरल्या जाणाऱ्या वर्गवारीत मांजराचं क्रिएटिनिन १.६ पेक्षा कमी असेल तर पहिला टप्पा, १.६ ते २.८ दुसरा, २.९ ते ५.० तिसरा आणि ५ च्या वर चौथा. ही मोजणीसुद्धा मांजराच्या अंगात पाणी भरून आल्यावर करायची असते, कारण सुकलेल्या मांजराचा आकडा उगाच फुगतो. उलट हाडं दिसू लागलेल्या म्हाताऱ्या मांजराचा आकडा फसवा कमी येतो. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि त्याच्याकडे स्नायूच उरलेले नसतात. त्यामुळे लघवीची घनता, लघवीतली प्रथिनं, रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम, आणि रक्तदाब हे सगळं मिळून चित्र तयार होतं. एसडीएमए नावाची चाचणी क्रिएटिनिनच्या आधी बिघाड दाखवू शकते. मिळत असेल तर जरूर करावी.

किती दिवस? हा प्रश्न प्रत्येक घर विचारतं आणि त्याला उत्तर आहे. अमेरिकेतल्या २११ मांजरांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या टप्प्याच्या उत्तरार्धात निदान झालेल्या मांजरांपैकी निम्मी १,१५१ दिवसांहून अधिक जगली, म्हणजे तीन वर्षांहून जास्त. तिसऱ्या टप्प्यातल्यांसाठी हाच आकडा ७७८ दिवस होता. चौथ्या टप्प्यात १०३ दिवस. बादलीवर वाकलेल्या मांजराला आत्ता नेणं आणि खाणं सोडल्यावर नेणं यात किती अंतर आहे, ते या तीन आकड्यांत दिसतं.

आता घरातलं काम. सगळ्यांत जास्त फरक पडतो तो अन्नाने. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४५ आजारी मांजरं दोन वर्षं पाहिली गेली. निम्म्यांना नेहमीचं खाद्य होतं, निम्म्यांना मूत्रपिंडासाठी बनवलेलं, म्हणजे कमी फॉस्फरसचं आणि मोजक्या पण चांगल्या प्रथिनांचं. नेहमीचं खाणाऱ्यांपैकी जवळपास चौथ्या हिश्शाला रक्तात विषारी द्रव्यं साचून कोसळण्याचा झटका आला. खास खाद्य खाणाऱ्यांपैकी एकालाही आला नाही. हे खाद्य गावात मिळत नाही, पण कुरिअरने येतं. ते एकदम बदलायचं नसतं. जुन्यात चमचाभर नवं मिसळत दोन-चार आठवडे घ्यावे लागतात. मळमळ असताना, आजारी असताना जबरदस्तीने दिलेलं खाद्य मांजर कायमचं नाकारतं. आणि मांजर दोन-तीन दिवस पूर्ण उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून नवंच संकट उभं राहतं. म्हणून ‘योग्य ते खाईना’ अशी वेळ आली तर जे खाईल ते द्यावं. उपाशी मांजराला कुठलंही पथ्य लागू पडत नाही.

नरसीच्या घराघरांतलं मांजर मुख्यतः दूध-भाकरीवर वाढतं, उरलंसुरलं ते उंदीर-चिमण्यांतून मिळवतं. हळद, तूर, सोयाबीनची पोती असलेल्या घरात त्याला उंदरांची वाण नसते. पण मांजर निव्वळ मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला मांस-मासळीतूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा आणि हृदय खराब होतं, हे १९७० आणि ८० च्या दशकांतल्या संशोधनाने सिद्ध झालं आहे. म्हाताऱ्या मांजराची शिकार सुटते आणि वाट्याला नुसती भाकरी उरते, तेव्हा हा तुटवडा वाढतो. ‘किडनीला प्रथिनं वाईट’ असं ऐकून मांजराला वरण-भात, दूध-पोळीवर आणणं म्हणूनच चुकीचं आहे. दुधात फॉस्फरसही भरपूर असतं आणि मोठ्या मांजरांना ते नीट पचतही नाही. खास खाद्य येईपर्यंत उकडलेल्या अंड्याचं पांढरं, थोडं उकडलेलं चिकन, मऊ भात असं डॉक्टरांना विचारून चालवता येतं. अंड्याच्या पांढऱ्यात प्रथिनं उत्तम आणि फॉस्फरस अगदी थोडं असतं, पिवळ्यात उलट. मटणाचा उरलेला रस्सा मात्र नको. मीठ आहेच, शिवाय कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो, आणि मूत्रपिंडं थकलेल्या मांजराचं रक्त आधीच कमी झालेलं असतं. सुकटीचंही तेच, मीठच मीठ.

वजन घटणाऱ्या मांजराला फॉस्फरस न वाढवता उष्मांक द्यायचे, तर स्निग्ध पदार्थ कामी येतात. साजूक तुपाचं बोट हा त्यातला घरगुती मार्ग. संत नामदेवांच्या जन्मगावी हे सांगताना त्यांची आख्यायिका आठवल्यावाचून राहत नाही. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा कोरडी खाऊ नकोस म्हणत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. मुक्या जिवाला आपल्या पंक्तीला धरणारी ही गोष्ट ज्या गावाची, तिथे आजारी मांजरासाठी वाटीभर वेगळं शिजवणं कुणाला थट्टेचं वाटू नये.

पाण्याचं काम सोपं आहे आणि तेच जास्त विसरलं जातं. एकाऐवजी तीन-चार ठिकाणी पाणी ठेवावं, रुंद परळात, जेवणापासून थोडं दूर, सावलीत. रोज बदलावं. मांजराला मिशा कडांना घासणारी अरुंद भांडी आवडत नाहीत. खाण्यात कोमट पाणी मिसळावं. बाहेर जाणाऱ्या मांजराला या आजारात घरातच ठेवता आलं तर उत्तम, आणि मग पत्र्याच्या उथळ डब्यात माती भरून त्याची सोय करावी. तेव्हा लघवी किती होते हेही पहिल्यांदा दिसेल.

आणि सलाईन. तिसऱ्या टप्प्यापासून पुढे अनेक मांजरांना पिऊनही पाणी पुरत नाही. तेव्हा कातडीखाली सलाईन देतात, बहुधा रिंगर लॅक्टेट, साधारण शंभर मिलिलिटरच्या आसपास, रोज किंवा दिवसाआड. किती आणि कधी, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. हृदयाचा आजार असलेल्या मांजराला हेच पाणी छातीत साचून घातक ठरतं. पण एकदा ठरलं की ते घरी देता येतं. दवाखान्यातले पशुधन पर्यवेक्षक एक-दोनदा समोर करून दाखवतील. शीर शोधायची गरज नसते. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या उष्णतेला आणायची, भिंतीतल्या खुंटीला उंच टांगायची, नळीतली हवा काढायची. मांजराला रोजच्या आवडत्या जागी, टॉवेलवर बसवायचं. खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलली की तिचा तंबू होतो, त्याच्या तोंडाशी सुई आत सारायची. दरवेळी नवी सुई. बारीक सुई कमी दुखेल असं वाटतं, पण तिच्यातून पाणी फार हळू जातं आणि मांजराचा धीर संपतो, म्हणून १८ किंवा २० नंबरची घेतात. पाणी जाताना कातडीखाली फुगवटा येतो. तो नंतर एखाद्या पायात उतरला तरी घाबरायचं कारण नाही, काही तासांत जिरतो. आधीचा फुगवटा जिरलेला नसेल तर मात्र पुढचं सलाईन थांबवून डॉक्टरांना विचारावं. झोपलेल्या मांजराचा श्वास मिनिटाला तीसच्या वर सतत जाऊ लागला, तरी तेच. एकाने मांजर धरावं, बोलत राहावं, दुसऱ्याने सुई सांभाळावी. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं. आपलं मांजर आहे म्हणून ते टाळायचं नाही.

पहिल्या आठवड्यात हात थरथरतात. नंतर दहा मिनिटांचं काम होतं. ज्या हातांनी आयुष्यभर म्हशीची धार काढली, अडलेल्या शेळीची पिल्लं मोकळी केली, त्या हातांना हे अवघड नाही.

औषधांची यादी प्रत्येक मांजराची वेगळी. मळमळीवर, भुकेसाठी, फॉस्फरस आतड्यातच बांधून टाकण्यासाठी, लघवीतून प्रथिनं जात असतील तर टेल्मिसार्टन, रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन. ही शेवटची दोन नावं गावातल्या बऱ्याच आजी-आजोबांच्या डब्यातही असतात, पण मांजराची मात्रा फार छोटी असते, अंदाजाने तुकडा मोडून द्यायचा नसतो. रक्तदाबाचं महत्त्व नीट समजून घ्यायला हवं. तो १६० च्या वर राहिला तर डोळा, मेंदू, हृदय आणि उरलेलं मूत्रपिंड या सगळ्यांवर घाला येतो. एका सकाळी मांजर उंबऱ्याला धडकतं, बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात. डोळ्याचा पडदा सुटलेला असतो. त्याच दिवशी उपचार सुरू झाले तर थोडीफार नजर परत येण्याची आशा असते. मान खाली पडलेली, वर उचलता न येणारी असेल तर पोटॅशियम उतरल्याची शंका घ्यावी. कुठलीही गोळी दिल्यावर सिरिंजने थोडं पाणी पाजावं, कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते.

वजनाची वही ठेवावी. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर टोपलीसकट मांजर ठेवून आठवड्याला एकदा मोजलं तरी पुरे. चार किलोच्या मांजराचं दोनशे ग्रॅम घटणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलो घटणं. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही, लवेखाली झाकलं जातं.

जग याच्या पुढेही गेलं आहे. मांजरात मूत्रपिंडाचं यशस्वी रोपण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुरुग्णालयात १९८७ मध्ये क्लेअर ग्रेगरी यांनी केलं. तिथे ज्या मांजराचं मूत्रपिंड घेतलं, त्याला रुग्णाच्या घराने दत्तक घ्यायचं, अशी अट अशा केंद्रांनी ठेवली. जपानमध्ये टोकियो विद्यापीठात तोरू मियाझाकी यांनी एआयएम नावाच्या प्रथिनावर संशोधन केलं. हे प्रथिन मूत्रपिंडाच्या नळ्यांत अडकलेला मृत पेशींचा कचरा हटवायला मदत करतं. मांजरात ते असतं, पण वेळेला सुटं होऊन कामाला लागत नाही, असं त्यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं. करोनाकाळात संशोधनाचा पैसा आटल्याची बातमी २०२१ च्या जुलैमध्ये आली आणि जपानमधल्या मांजरप्रेमींनी विद्यापीठाकडे जवळपास ३० कोटी येन जमा केले. यातून उद्या औषध येईलही. आज आजारी असलेल्या मांजराने त्यावर विसंबून राहू नये, इतकंच.

शेवटचा टप्पा येतो तेव्हा आकडे बाजूला ठेवून मांजराकडे पाहावं. स्वतः उठून खातं का? अंग चाटतं का? हाक मारल्यावर कान वळवतं का? माणसांजवळ येऊन बसतं का? महिन्याच्या कॅलेंडरवर बऱ्या दिवसाला एक खूण आणि वाईट दिवसाला दुसरी खूण करत गेलं, की निर्णय एका रात्रीच्या घालमेलीवर सोडावा लागत नाही. वाईट दिवस सलग येऊ लागले, तोंडात व्रण पडले, सलाईननंतरही उलट्या थांबेनात, तर डॉक्टरांशी दयामरणाबद्दल बोलावं. आधी गुंगी आणि मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा, अशी ती पद्धत आहे. मांजराला कळ जाणवत नाही. वारकऱ्यांच्या घरात हा विचारही पाप वाटतो, हे समजण्यासारखं आहे, आणि ज्यांना तो नको त्यांनी वेदनाशमन, मळमळीवरचं औषध आणि ऊबदार कोरडी जागा देऊन मांजराला शेवटपर्यंत सांभाळावं. मात्र काहीच न करता त्याला परसात पडून राहू देणं, हा यातला कुठलाच मार्ग नव्हे.

दयामरण दिलेलं असेल तर त्या औषधाचा अंश देहात राहतो आणि तो उकरून खाणारं कुत्रं, कोल्हं किंवा घार त्याने मरू शकते. म्हणून खड्डा तीन-चार फूट खोल, विहिरीपासून आणि कयाधूच्या पात्रापासून लांब खणावा, वर दगड ठेवावेत. घरात दुसरी वयस्क मांजरं असतील तर त्यांचं वजन त्याच वहीत पुढच्या पानावर लिहायला घ्यावं आणि सात वर्षांपुढच्या प्रत्येकाची वर्षातून एकदा रक्त-लघवीची तपासणी करून घ्यावी.